धनादेशाचे कोरे पान आणि त्याची राखण



शाळेच्या कपाटात, ग्रामपंचायतीच्या तिजोरीत, बचत गटाच्या पेटीत आणि कित्येक घरांतील ट्रंकेत एक छोटी पुस्तिका ठेवलेली असते. तिच्या कोऱ्या पानाला कागद म्हणून फारसे मोल नसते. परंतु त्याच पानावर तारीख, नाव, रक्कम आणि स्वाक्षरी एवढ्या चार गोष्टी उमटल्या, की बँक त्याच्या आधारे हजारो रुपये एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळते करते. चलनी नोट हे रिझर्व्ह बँकेचे वचन असते, तर धनादेश हा खातेदाराने आपल्या बँकेस दिलेला आदेश असतो. मराठीने त्याला दिलेले ‘धनादेश’ हे नाव म्हणूनच यथार्थ आहे.

नोट कोणी छापली, याची प्रत्येकजण चौकशी करतो. धनादेशाचे पान कोण छापतो, ते कोणत्या वाटेने खातेदाराच्या हाती येते, त्यासाठी किती खर्च येतो आणि हाती आल्यावर त्याची राखण कोणी करावयाची, याचा विचार मात्र क्वचितच होतो. सार्वजनिक पैशाचा व्यवहार ज्यांच्या स्वाक्षरीने चालतो, अशा पंचायत सदस्यांनी, मुख्याध्यापकांनी आणि अधिकाऱ्यांनी हा विचार करणे अगत्याचे आहे.

परदेशातील रीत

प्रथम अमेरिकेतील रीत पाहणे उपयुक्त ठरेल, कारण तेथे ही जबाबदारी उघडपणे खातेदारावर येते. तेथे धनादेश पुस्तिका आपल्या बँकेकडूनच घेतली पाहिजे, असे बंधन नाही. खातेदार एखाद्या स्वतंत्र मुद्रण कंपनीकडे मागणी नोंदवून पुस्तिका मागवू शकतो. हा व्यवसाय तेथे जुना आहे. त्यातील डिलक्स ही एक प्रमुख कंपनी मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल या शहरात १९१५ मध्ये स्थापन झाली. पूर्वी अशी मागणी टपालाने पाठवीत. आता ती इंटरनेटवरून नोंदविली जाते. बँकाही आपल्या पुस्तिका अशाच मुद्रकांकडून तयार करून घेतात व ग्राहकाकडून त्याचे शुल्क आकारतात. त्यामुळे थेट मुद्रकाकडून मागविलेली पुस्तिका पुष्कळदा स्वस्त पडते.

हे शक्य झाले ते एकसारख्या क्रमांकपद्धतीमुळे. अमेरिकन बँकर्स असोसिएशनने १९१० मध्ये बँकांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. पुढे १९५० च्या दशकात चुंबकीय शाईने छापावयाच्या अंकांचे एक ठरावीक वळण निश्चित झाले. धनादेशाच्या तळाशी बँकेचा नऊ अंकी क्रमांक व खात्याचा क्रमांक या वळणात बिनचूक छापलेला असला, की कोणत्याही बँकेचे यंत्र तो वाचू शकते.

परंतु स्वस्ताईची दुसरी बाजूही आहे. पुस्तिका मागविताना खातेदाराला आपले नाव, पत्ता, बँकेचा क्रमांक व खाते क्रमांक मुद्रकाच्या स्वाधीन करावा लागतो. खोटा धनादेश तयार करू इच्छिणाऱ्यालाही नेमकी हीच माहिती हवी असते. म्हणून तेथील जाणता खातेदार किंमत पाहण्यापूर्वी माणूस पाहतो. मुद्रकाचा खरा पत्ता व दूरध्वनी आहे काय, तो या व्यवसायात किती वर्षे आहे, पहिल्या मागणीच्या वेळी तो खात्याची खातरजमा करतो काय, आणि पाकिटाचा माग ठेवता येईल अशा टपालाने पुस्तिका पाठवितो काय, हे तो विचारतो. किंमतही तो पूर्ण बेरीज करून तोलतो. पहिल्या पुस्तिकेवर मोठी सवलत, पण टपालखर्च व हाताळणीचा आकार भरमसाट, आणि दुसऱ्या खेपेस दुप्पट दर, असा प्रकार घडू शकतो. पुस्तिका हाती येताच तिच्यावरील क्रमांक जुन्या धनादेशाशी अंकाअंकाने ताडून पाहणे, हा तेथील शिरस्ता आहे. एक अंक चुकला तरी धनादेश परत येतो आणि दंड मात्र खातेदारास बसतो.

टपालातील चोरी हा तेथील गंभीर प्रश्न झाला आहे. अमेरिकेच्या अर्थखात्यातील वित्तीय गुन्हेप्रतिबंधक विभागाने फेब्रुवारी २०२३ मध्ये यासंबंधी बँकांना सावधगिरीची सूचना दिली होती. टपालपेटीतून लिहिलेला धनादेश काढून घ्यावयाचा, रसायनाने त्यावरील शाई धुवावयाची, आणि तळची खरी सही कायम ठेवून नवे नाव व नवी रक्कम घालावयाची, अशी ही रीत आहे. महाराष्ट्रातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तेथे गेलेल्या तरुणांनी पहिली पुस्तिका मागविताना एवढे जाणले, तर त्यांचे व त्यांच्या पालकांचे पैसे सुरक्षित राहतील.

भारतातील व्यवस्था

भारतात ही वाट खुली नाही, आणि हे प्रत्येकाने पक्के ध्यानात ठेवले पाहिजे. येथे धनादेशाचे पान खातेदाराला केवळ त्याची बँक देते. बँका ही पाने सुरक्षा मुद्रकांकडून छापून घेतात. छपाईचे किमान निकष रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१० मध्ये सर्व बँकांना कळविले. ते ‘सीटीएस–२०१०’ या नावाने ओळखले जातात. स्वस्तात धनादेश पुस्तिका छापून देण्याचे आमिष दाखवून इंटरनेटवरून किंवा दूरध्वनीवरून कोणी खात्याची माहिती मागत असेल, तर तो व्यापार नसून फसवणूक आहे, असेच समजावे.

असे निकष का लागले? पूर्वी एका बँकेत भरलेला धनादेश समाशोधन गृहामार्फत प्रत्यक्ष दुसऱ्या बँकेत जात असे. तेथील कर्मचारी तो हातात घेऊन उजेडात पाही. १९८० च्या दशकात भारतात चुंबकीय शाईच्या अंकांचा वापर सुरू झाला व वर्गवारी यंत्राने होऊ लागली. पुढे धनादेशाऐवजी त्याचे केवळ चित्र पाठविण्याची पद्धत आली. ती १ फेब्रुवारी २००८ रोजी राजधानी दिल्लीच्या परिसरात, २०११ मध्ये चेन्नईत आणि २०१३ मध्ये मुंबईत सुरू झाली. आता कागद प्रवास करीत नाही, तर त्याचे चित्र प्रवास करते. पैसे देणारी बँक हे चित्र पाहून निर्णय घेते. त्यामुळे पान एकाच नमुन्याचे, स्वच्छ आणि खाडाखोडीविना असणे अनिवार्य झाले. या निकषांत न बसणारी जुनी पाने १ जानेवारी २०१९ पासून या समाशोधनात स्वीकारली जात नाहीत.

पानाची ओळख

खऱ्या पानाची ओळख शाळेतील मुलांनाही पटवून देता येईल. पान उजेडासमोर धरले असता ‘सीटीएस इंडिया’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे जलचिन्हाच्या रूपाने दिसतात. डाव्या कडेस उभ्या ओळीत मुद्रकाचे नाव व ‘सीटीएस–२०१०’ असे छापलेले असते. बँकेचे बोधचिन्ह अदृश्य शाईनेही छापलेले असून ते अतिनील प्रकाशात उमटते. पानाची रंगीत छायाप्रत काढल्यास तीवर, मूळ पानात सहज न दिसणारा, ‘रद्द’ या अर्थाचा इंग्रजी शब्द प्रकट होतो. कागदही असा असतो, की आम्ल, क्षार वा रंग उडविणारे द्रव्य लावल्यास त्यावर खूण राहावी. शाई धुऊन नवे नाव घालणाऱ्याला अटकाव करण्यासाठीच ही योजना आहे.

तळाच्या पांढऱ्या पट्टीवर प्रथम सहा अंकी धनादेश क्रमांक असतो. त्यानंतर नऊ अंकी संकेतांक येतो. त्यातील पहिले तीन अंक शहराचे, पुढील तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे असतात. मुंबईसाठी ४००, पुण्यासाठी ४११, नागपूरसाठी ४४० हे आरंभीचे अंक टपालाच्या पिनकोडाशी जुळणारे आहेत, म्हणून ते सहज ओळखू येतात. या पट्टीवर काही लिहू नये, शिक्का मारू नये किंवा टाचणी लावू नये.

बँकांच्या विलीनीकरणानंतर हे संकेतांक बदलतात. उदाहरणार्थ, देना बँक व विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. अशा वेळी जुन्या नावाची पुस्तिका बँकेने दिलेल्या मुदतीनंतर निरुपयोगी होते. शाळेच्या वा संस्थेच्या कपाटात अशी जुनी पाने राहिली असतील, तर ती बँकेकडे परत करावीत किंवा नोंद करून नष्ट करावीत.

मागणी आणि खर्च

नवी पुस्तिका मागविण्याचे मार्ग अनेक आहेत. जुन्या पुस्तिकेतील मागणीचिठ्ठी भरून शाखेत देता येते. बँकेचे अधिकृत संकेतस्थळ, मोबाइलवरील बँकेची सेवा किंवा, बँकेने सोय केली असल्यास, एटीएम यंत्रावरूनही मागणी नोंदविता येते. पुस्तिका बँकेत नोंदविलेल्या पत्त्यावर टपालाने जाते. यातच एक खाच आहे. सरपंच बदलले, मुख्याध्यापकांची बदली झाली, कार्यालय नव्या इमारतीत गेले, तरी बँकेत जुनाच पत्ता व जुनाच मोबाइल क्रमांक राहतो. पुस्तिका भलत्याच दारी जाते आणि सूचनेचा संदेश भलत्याच माणसाला पोहोचतो. म्हणून पदाधिकारी बदलताच स्वाक्षरीच्या नमुन्याबरोबर पत्ता व दूरध्वनी क्रमांकही बदलून घ्यावा.

खर्चाच्या बाबतीत बँकाबँकांत फरक आहे. बचत खात्यावर दरवर्षी ठरावीक पाने विनामूल्य देण्याची पद्धत पुष्कळ बँकांत आहे. त्यापुढील पानांवर शुल्क लागते, आणि १८ जुलै २०२२ पासून या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. आपल्या खात्याच्या प्रकारानुसार किती पाने विनामूल्य मिळतात, हे बँकेच्या दरपत्रकात पाहावे. खरी काटकसर अनावश्यक पाने न मागविण्यात आहे. वर्षाकाठी दहा धनादेश लिहिणाऱ्या संस्थेने शंभर पानांची पुस्तिका मागवून कपाटात ठेवणे म्हणजे खर्चही वाढविणे आणि जोखीमही वाढविणे होय.

पुस्तिका हाती येताच पाकीट फाटलेले नाही ना, हे पाहावे. आरंभापासून अखेरपर्यंत पाने मोजावीत. मधलेच एखादे पान काढून घेण्याची युक्ती जुनी आहे. क्रमांकांची नोंद साठानोंदवहीत घ्यावी, पुस्तिका कुलपात ठेवावी, आणि पुस्तिका सांभाळणारा व हिशेब लिहिणारा या दोन व्यक्ती शक्य तो वेगळ्या असाव्यात.

या शेवटच्या सूचनेचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणातून स्पष्ट होते. एका व्यापारी कंपनीत धनादेश पुस्तिका सांभाळणाऱ्या हिशेबनिसानेच संचालकाची खोटी सही करून अनेक धनादेश वटविले होते. न्यायालयाने १९८७ मध्ये असा निर्णय दिला, की खोट्या सहीचा धनादेश हा मुळी आदेशच नव्हे; म्हणून बँकेने दिलेली रक्कम खातेदाराच्या नावे टाकता येत नाही. कंपनीला न्याय मिळाला खरा. परंतु त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. नोंदवही व पासबुक दरमहा ताडून पाहिले असते, तर चोरी पहिल्या दोन महिन्यांतच उघडकीस आली असती.

कोऱ्या पानावरील सही

खोटी सही ही एक गोष्ट झाली; कोऱ्या पानावर केलेली खरी सही ही त्याहून धोक्याची गोष्ट आहे. सरपंचांना शेतीची कामे असतात, तालुक्याच्या बैठका असतात. पाणीपुरवठ्याचे वा दुरुस्तीचे काम अडू नये, या सद्‌हेतूने ते एकदमच आठ-दहा पानांवर सह्या करून ठेवतात. बचत गटाच्या अध्यक्षा, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांच्याकडूनही असेच घडते. दोन सह्यांची अट यासाठी घातलेली असते, की एकाचे डोळे दुसऱ्याच्या हातावर असावेत. आधीच सही करून ठेवली, की दोन सह्यांचा नियम कागदावर उरतो आणि प्रत्यक्षात सर्व अधिकार एकाच हाती जातो.

कायदाही अशा स्वाक्षरीकर्त्याच्या बाजूने सहजासहजी उभा राहत नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम २० नुसार सही केलेला अपुरा दस्तऐवज दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजे तो भरण्याचा अधिकारच त्यास देणे होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीरसिंग विरुद्ध मुकेशकुमार या प्रकरणात स्पष्ट केले, की एखाद्या देण्यापोटी स्वेच्छेने दिलेला सही केलेला कोरा धनादेश दुसऱ्याने भरला, एवढ्यावरून देणाऱ्याची सुटका होत नाही. देणे नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच राहतो. धनादेश न वटल्यास कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले, आणि कारावासाची कमाल मुदत पुढील दुरुस्तीने एक वर्षावरून दोन वर्षे करण्यात आली. सावकाराकडे वा दुकानदाराकडे ‘तारण’ म्हणून कोरा धनादेश ठेवणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगणे, हे गावातील प्रत्येक सुशिक्षिताचे कर्तव्य आहे.

लिहिताना घ्यावयाची काळजी सोपी आहे. शाई पक्की असावी. नाव व रक्कम डाव्या कडेला लागून लिहावी, उरलेल्या जागेत रेघ ओढावी आणि अक्षरी रकमेनंतर ‘फक्त’ लिहावे. कोपऱ्यात दोन तिरप्या रेषा मारून त्यांत ‘अकाउंट पेयी’ असे लिहिल्यास रक्कम धनादेशावर नाव असलेल्या व्यक्तीच्या खात्यातच जमा होते. चूक झाल्यास दुरुस्ती करून शेजारी सही करण्याची जुनी सवय सोडावी. तारखेच्या नूतनीकरणाखेरीज इतर कोणतीही दुरुस्ती असलेला धनादेश या समाशोधनात स्वीकारला जात नाही. चुकलेले पान रद्द करून नवे घ्यावे. एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत तीन महिने आहे, हेही विसरू नये.

मोठ्या रकमांसाठी १ जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ ही सोय उपलब्ध झाली आहे. पन्नास हजार रुपये व त्यावरील धनादेश देताना खातेदार त्याचा क्रमांक, तारीख, नाव व रक्कम आपल्या बँकेस आधीच कळवितो. धनादेश आल्यावर बँक हा तपशील ताडून पाहते. पाच लाख व त्यावरील रकमेसाठी ही सोय सक्तीची करण्याची मुभा बँकांना आहे. लिहिलेला धनादेश वाटेत कोणी बदलला, तर तो येथे पकडला जातो.

पान हरविल्याचे कळताच त्याचा क्रमांक देऊन रक्कम थांबविण्याची सूचना त्याच दिवशी, किंबहुना त्याच घटकेस, बँकेस द्यावी व तिची पोच घ्यावी. दिनांक ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश दिवसभर सतत समाशोधनात घेण्याची पद्धत सुरू झाली आहे. पूर्वी धनादेश वटण्यास एक-दोन दिवस लागत. आता काही तासांत रक्कम वळती होऊ शकते. प्रामाणिक माणसाला पैसे लवकर मिळतात, हा याचा लाभ. परंतु ‘उद्या बँकेत जाऊन सांगू’ असे म्हणण्यास आता अवसर उरलेला नाही.

राखण कायमच

धनादेशाचे दिवस सरत आले, मग एवढा विचार कशासाठी, असे कोणी म्हणेल. ग्रामपंचायतींना वित्त आयोगाकडून मिळणाऱ्या निधीचा व्यवहार आता ई-ग्रामस्वराज प्रणालीतून, डिजिटल स्वाक्षरीने होतो, हे खरे आहे. परंतु ती डिजिटल स्वाक्षरीची छोटी चावी आणि तिचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजे सही केलेली सगळी पुस्तिकाच त्याच्या स्वाधीन करणे होय. साधन बदलले, तरी धोका तोच राहिला आणि कर्तव्यही तेच राहिले.

अमेरिकेतील खातेदाराला मुद्रकाची पारख स्वतः करावी लागते. भारतात ते काम रिझर्व्ह बँकेने व बँकांनी आपल्याकडे घेतले आहे. जलचिन्हापासून अदृश्य शाईपर्यंत सर्व बंदोबस्त पान खातेदाराच्या हाती येईपर्यंत केलेला असतो. त्यापुढची राखण मात्र कोणताही मुद्रक करू शकत नाही. ती कपाटाच्या किल्लीने, नोंदवहीतील ओळीने आणि ‘रक्कम व नाव लिहिल्याशिवाय सही नाही’ असे सौम्यपणे, पण ठामपणे सांगणाऱ्या माणसानेच करावयाची असते. गावाचा पैसा शेवटी त्या माणसाच्या सावधपणावर सुरक्षित राहतो.